अर्धा चमचा मांजरपाला

"अहो कंपाउंडर, हा मांजराचा पाला. आमच्या कुत्रीला चढला-बिढला तर?" खिडकीपलीकडून शिक्षिकाबाईंनी पुडी नाकाशी नेत विचारलं.

"मांजराला चढतो बाई, कुत्र्याला उतरतो," कंपाउंडर म्हणाले. "मांजर हुंगून गडबडा लोळतं, कुत्रं खाऊन पेंगतं. पाला एकच. देवाने स्वभाव दोन केले, त्याला आपण काय करणार?"

जनावरांच्या दवाखान्यातल्या त्या औषधखिडकीमागे त्यांची एकतीस वर्षं गेली होती. पाला त्यांनीच मागच्या अंगणात लावलेला. पुदिन्याच्याच कुळातला, पण पानं अंमळ लवदार. डबीवरच्या चिठ्ठीवर कॅटनिप लिहायचं आणि तोंडाने मांजरपाला म्हणायचं, ही त्यांची रीत.

"घर बदलतोय हो आम्ही," बाई म्हणाल्या. "ही गाडीत बसली की पानासारखी थरथरते."

"मग निघायच्या अर्धा तास आधी अर्धा चमचा खाण्यावर भुरभुरवा. आज नुसती चिमूट देऊन बघा. उलटी झाली, पोट बिघडलं, की बंद. आणि बाजारात ह्याचं तेल मिळतं बाटलीत, ते चाटवायचं नाही, फार जहाल पडतं. गाभण नाही ना?"

"छे हो! म्हातारी झाली आता."

"असती तर पुडी परत घेतली असती. गर्भपिशवी आकसते ह्याने."

"गुण येईल ना पण?"

"बहुतेकांना येतो. काहींना ढिम्म होत नाही. औषध आहे बाई, मंत्र नव्हे."

बाई हसल्या, पुडी पिशवीत टाकली आणि जाता जाता म्हणाल्या, "तुमच्याही कुत्र्याला घोर लागलाय म्हणे. देता ना त्याला?"

कंपाउंडरांनी खिडकीची फळी उगीचच फडक्याने पुसली. "देतो की," ते म्हणाले.

आतून डॉक्टरीणबाईंनी हाक मारली. "काका, जावईबापूंना आणा. वजन करू."

जावईबापू म्हणजे कंपाउंडरांचा कुत्रा. नाव ठेवलं होतं त्यांच्या बायकोने. पिल्लू घरी आलं त्याच दिवशी खुर्चीवर चढून बसलं आणि पहिला घास मिळेपर्यंत उतरलं नाही, म्हणून. पुढे लेकीचं लग्न झालं, घरात खरे जावई यायला लागले, आणि "जावईबापू, चला जेवायला" म्हटलं की दोघेही उठायचे. खरे जावई हसून म्हणायचे, "सासूबाई, मानाने मी धाकटा."

आज जावईबापू काट्यावर उभे राहिले ते पाय थरथरवत. दोन महिन्यांपूर्वी अठरा किलो होते. काटा साडेचौदावर थांबला. डॉक्टरीणबाईंनी एकेक पंजा उचलून पाहिला. तळव्याच्या गाद्या सोलवटलेल्या, पुढच्या उजव्या पंजाला तर रक्त साकळलेलं.

"पाला नियमित चालू आहे ना, काका?"

"आहे."

"किती देता?"

"अर्धा चमचा. संध्याकाळी."

"दोन महिने झाले?"

"झाले."

डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाच्या. त्यांना ह्या माणसाच्या मापावर स्वतःच्या हातापेक्षा जास्त भरवसा. त्यांनी सुस्कारा टाकला. "मग ह्याला त्याचा उपयोग नाही. गोळ्या सुरू करू. भारी आहेत, तुम्हाला ठाऊकच आहे. अकरा वर्षांचा जीव, यकृत आधीच थकलंय त्याचं. पण असा उपाशीपोटी फिरत राहिला तर महिनासुद्धा काढायचा नाही."

चिठ्ठी लिहिली गेली. आणि बघा कसं असतं, ती चिठ्ठी घेऊन जायची कुठे, तर त्यांच्याच खिडकीवर. कंपाउंडरांनी गोळ्यांची बरणी काढली. झाकण उघडलं. त्या उग्र वासासरशी त्यांचा हात थबकला.

आता घरातली गोष्ट सांगायला हवी.

त्यांची बायको शिवणाच्या कारखान्यात काजं करायच्या मशीनवर. सहाला सुटायची, साडेसहाला घरात. सत्तावीस वर्षं ह्यात पाच मिनिटांचा फरक पडला नाही. दार उघडायचं, तशीच स्वयंपाकघरात जायचं, चहाचं आधण ठेवायचं आणि बिस्किटाचा पहिला तुकडा मोडून खाली धरायचा. मग चपला काढायच्या. कंपाउंडर रोज ओरडायचे, "आधी चपला!" आणि ती रोज म्हणायची, "आधी जावई!"

आठ महिन्यांपूर्वी ती गेली. तीन दिवसांचा ताप, चौथा दिवस नाही. आणि गेल्यानंतर पंधरवड्याने हे सुरू झालं.

संध्याकाळी बरोबर साडेसहाला कुत्रा उठायचा. कान टवकारून दाराशी जायचा. शेपूट हलवत दोन पावलं मागे सरायचा, आत उघडणाऱ्या दाराला वाट द्यावी तसा. दार मात्र बंदच. मग तो वळायचा आणि कुणाच्या तरी डाव्या अंगाने चालल्यासारखा, मान वर करून, लोंबत्या हाताच्या उंचीवर नाक धरून स्वयंपाकघरात जायचा. ओट्याशी बसायचा. वर बघायचा.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कंपाउंडरांच्या अंगावर सर्रकन काटा आला. दुसऱ्या दिवशी ते खुर्ची ओढून बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी साडेसहाच्या आत सदरा बदलला. कुत्र्याच्या नजरेवरून त्यांना कळायचं, ती आता कुठे आहे. आता टेबलापाशी. आता ओट्याशी. माणूस दिसत नव्हतं, पण त्याची जागा दिसत होती. देवाने कुत्र्याला नाक दिलं आणि माणसाला आठवण. जास्त ओझं कुणाचं, ते त्याचं तोच जाणे.

चिठ्ठी हातात तशीच धरून कंपाउंडर पुन्हा आत गेले.

"मॅडम, ह्या गोळ्या नको."

"का हो?"

"पाला मी दिलेलाच नाही."

डॉक्टरीणबाईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "दोन महिने?"

"एकदाच दिला. तुम्ही सांगितलंत त्या पहिल्याच दिवशी. गुण आला, चांगला आला. साडेसहा वाजले आणि हा घोरत पडलेला. दार नुसतं दार. ओटा नुसता ओटा. ती गेली त्या दिवशीसुद्धा घर एवढं रिकामं नव्हतं हो."

कंपाउंडरांनी सगळं सांगितलं. दार, टेबल, ओटा. सांगताना त्यांचा चेहरा उजळत गेला. "पाचच मिनिटं, मॅडम. पण तेवढ्यात येऊन जाते ती."

"आणि पाच मिनिटांनंतर?"

कंपाउंडर चिठ्ठीची कड दुमडत राहिले.

"तुकडा मिळत नाही, मग काय करतो तो?"

"परत दाराशी जातो. परत ओट्याशी. परत दाराशी."

"किती वेळ?"

"दोन-अडीच तास. रडतो. नखं वाजत राहतात फरशीवर."

"आणि तुम्ही काय करता तेव्हा?"

काट्यावरून उतरून जावईबापू त्यांच्या पायाशी येऊन बसले होते. कंपाउंडरांनी त्यांच्याकडे न बघता सांगितलं, "रेडिओ लावतो."

"मोठ्याने?"

"मोठ्याने."

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी त्यांच्या हातातून काढून घेतली, घडी घातली आणि खणात ठेवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "दहा दिवस पाला द्या, काका. खराखुरा. पंजांना मलम लावा, मी देते. त्यानेही नाही भागलं, तर मग गोळ्यांचं बघू."

"आणि भागलं तर?" कंपाउंडरांनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग जरा घुटमळून काकांच्या बाहीवरही ठेवला.

त्या संध्याकाळी कंपाउंडरांनी सहा वाजता डबी उघडली. अर्धा चमचा मापून घेतला. एकतीस वर्षांत हजारो लोकांना दिलेलं माप, पण आज चार पानं ओट्यावर सांडली. त्यांनी ती बोटाने टिपून परत चमच्यात घेतली. लबाडी पुन्हा नको, चार पानांचीही नको. कोमट पाण्यात कालवलेल्या खाण्यावर पाला भुरभुरवून त्यांनी ताटली खाली ठेवली. "घे बाबा," ते म्हणाले, "तुझं तू घे. माझं मी बघतो."

कुत्र्याने हुंगलं, चाटलं, आणि बऱ्याच दिवसांनी ताटली पुसून काढली. मग टेबलाखाली जाऊन आडवा झाला. कंपाउंडरांनी खाली बसून एकेका पंजाला मलम चोळलं. पंजे गरम होते. चोळता चोळता ते जड होत गेले, आणि श्वास लांबला.

सहा सत्तावीस. रेडिओकडे त्यांचा हात गेला नाही. जिन्यात पावलं वाजली आणि वरच्या मजल्यावर निघून गेली. कुठेतरी नळ सुरू झाला, बंद झाला.

साडेसहा. कुत्र्याचा एक कान हलला. देवा, उठू दे, असं कंपाउंडरांच्या मनात आलं, आणि त्याच मनाने त्यांनी ते मागेही घेतलं. कान पडला. सोलवटलेले चारही पंजे स्वस्थ होते.

घर तसंच रिकामं होतं, पाला दिलेल्या त्या पहिल्या दिवसासारखं. दार नुसतं दार होतं.

ते गुडघ्यावर हात देऊन उठले, आवाज होणार नाही अशा बेताने कडी काढली, आणि दार उघडून एका बाजूला उभे राहिले.

"हळू ये," ते कुजबुजले, "आत्ताच डोळा लागलाय त्याचा."