शेंगांच्या टरफलाचं ग्राफीन

मी चिमूटभर काळी भुकटी बोलतेय. कागदोपत्री माझं नाव ग्राफीन. नाव भारदस्त आहे, पण त्यावर जाऊ नका. जन्माने मी शेंगांचं टरफल. दाणे तेलाच्या घाण्यात गेले आणि आम्ही टरफलं मागच्या अंगणात ढिगाने पडलो. दाण्यांचं कौतुक, आम्हाला वारा.

एके दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या एक बाई रिकामं पोतं घेऊन आल्या. त्यांनी भीतभीतच विचारलं, "थोडी टरफलं नेऊ का?"

घाणेवाला हसला. "थोडी कशाला, भरून न्या! फक्त पोतं परत करा हं, चांगलं दिसतंय."

"पोतं माझंच आहे," बाई म्हणाल्या.

बाईंना माझ्यासारख्या फुकट कचऱ्यातून ग्राफीन काढायचं होतं. ग्राफीन म्हणजे कार्बनचा पापुद्रा. कांद्याचा पापुद्रा त्याच्यापुढे सतरंजीइतका जाड, पण ताकद अशी की सिमेंटात चिमूटभर मिसळलं तरी सिमेंट मजबूत होतं. पण विकत घ्यायचं तर ते महाग.

या हट्टामागे एक माणूस होता, बाईंचा थोरला भाऊ. तो गटारांवरची सिमेंटची झाकणं बनवायचा. वर्षापूर्वी त्याचं एक झाकण तुटलं आणि पोस्टमनकाका सायकलसकट आत पडले. हात मोडला. झाकण जुनं होतं, वरून जड गाड्याही गेल्या होत्या. दादाला कुणी बोल लावला नाही. पण त्याने स्वतःलाच लावला. तेव्हापासून तो झाकणं दुप्पट जाड बनवू लागला. ती इतकी जड झाली की उचलता उचलता त्याची पाठ धरली. बसताना "आई गं" आणि उठताना "आई गं". वहिनी म्हणायची, "आईंना इतक्या हाका त्या असताना मारल्या असत्यात, तर खूश झाल्या असत्या!"

असो. माझ्याकडे वळते.

बाईंनी मला बंद डब्यात हवा लागू न देता भाजलं. माझा कोळसा झाला. वाटलं, संपला भोग. कसला संपतोय! मला कुटलं, काचेसारख्या एका नळीत ठासून भरलं, दोन्ही टोकांना धातूची बुचं लावली आणि बुचांना विजेच्या तारा जोडल्या. बाईंनी काळा चष्मा चढवला आणि बटण दाबलं.

पहिल्यांदा नळीच फुटली. माझ्यातला ओलावा राहिला होता. दुसऱ्यांदा नुसता धूर. बाईंनी उरलेल्या कोळशाला पुन्हा तापवून कोरडं केलं, पुन्हा भरलं. तिसऱ्यांदा साठवलेली सगळी वीज एका दमात माझ्यातून गेली. पापणी लवायच्या आत लखकन पांढरा उजेड पडला. त्या एका क्षणात मी इतकी तापले की लोखंडसुद्धा पाणी झालं असतं. माझ्यातलं बाकी सगळं उडून गेलं. उरलेल्या कार्बनने नवी घडी घातली. यंत्राने माझी तपासणी केली, पडद्यावर ग्राफीनची रेघ उमटली आणि बाई एकट्याच टाळ्या वाजवू लागल्या.

पण नुसतं बनून काय उपयोग? झाकण व्हायचं होतं. माझ्यातली थोडी भुकटी सिमेंटात मिसळून बाईंनी दादाला पातळ झाकण ओतायला लावलं, आतली लोखंडी जाळी नेहमीचीच. ते वाळून, मुरून तयार झाल्यावर कॉलेजातल्या दाबयंत्राखाली ठेवलं. काटा निम्म्यावर जातो न जातो तोच काडकन तुटलं.

बाईंचा चेहरा पडला. दादा मात्र वाकला, "आई गं" म्हणाला आणि तुकडा उचलून उन्हात धरला.

"हे काळे ठिपके दिसतात का तुला? गाठी झाल्यात. भुकटी कशी घातलीस?"

"पाण्यात ढवळून."

"नुसत्या पाण्यात? अगं, रंगीत फरशीचा रंगसुद्धा नुसत्या पाण्यात बसत नाही. माल सैल करायचं औषध असतं ना आमचं, ते आधी पाण्यात घाल. मग भुकटी. आणि चांगली घुसळ, ताक करतात तशी."

बाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "हे मी वाचलं होतं रे! वाटलं, चालून जाईल पाण्यावर."

"वाचलेलं हाताला कळायला वेळ लागतो," दादा म्हणाला. वर्षभरात तो पहिल्यांदाच मनापासून हसला असावा, कारण त्याचा डबा घेऊन दारात उभी असलेली वहिनी चमकून बघत राहिली.

दुसऱ्या खेपेला मी पाण्यात अशी विरले की शाई वाटावी. मग सिमेंटात, वाळूत, जाळीभोवती सगळीकडे पसरले. दाबयंत्राचा काटा चढत गेला आणि जाड झाकण जिथे तुटायचं, ती खूण ओलांडून पुढे गेला. चमत्कार नव्हे, पण तेवढ्याच ताकदीला वजन एक चतुर्थांश कमी.

तरी दादाने ते कुणाला दिलं नाही. आधी स्वतःच्या कारखान्यासमोरच्या गटारावर बसवलं आणि सहा महिने रोज त्यावरून भरलेली हातगाडी नेली. मग एका सकाळी पोस्टमनकाका आले. गटारात पडल्या दिवसापासून ते प्रत्येक झाकणाला वळसा घालून जायचे. दादा माझ्यावर जाऊन उभा राहिला.

"काका, या. मी उभा आहे ना."

काकांनी एक पाय ठेवला. मग दुसरा. "तुम्ही जरा उतरता का?" ते म्हणाले. "तुम्ही असलात तर मला कसं कळणार?"

दादा उतरला. काका माझ्यावर एकटे उभे राहिले, सायकलची घंटी दोनदा वाजवली आणि पत्र हातात देऊन निघून गेले. दादा बराच वेळ पत्र न फोडताच उभा होता.

आता गल्लीत माझी तेवीस भावंडं बसलीत. सकाळी शाळेची पोरं आमच्यावरून धावतात, दुपारी एक मांजर ऊन खात पसरतं. गटार साफ करायचं झालं की दादा आणि वहिनी दोघं मिळून आम्हाला अलगद उचलतात.

तुमच्याकडे एकच मागणं. आमच्या अंगावर पाय द्यायला संकोचू नका, खुशाल द्या. टरफल झाले, कोळसा झाले, भुकटी झाले. आता मला आणखी काही व्हायचं नाही.