खिळ्याला टांगलेला आरसा

रोज सकाळी मेहुलचं तोंड बघायची शिक्षा मला कोणत्या पापाची मिळाली, देव जाणे. लाल दात, ओठांच्या कडेला चिकटलेली सुपारी आणि वर केसांचा कोंबडा! शिसारी येते. तो मात्र मान वाकडी करकरून स्वतःवरच खूश.

मित्रांनो, मी मोटारसायकलचा एक जुना आरसा आहे. भिंतीवर लटकायला जन्मलो नव्हतो. राजकोटच्या कारखान्यात मला घडवलं ते मागचं दाखवायला. पहिली काही वर्षं मी मेहुलच्या बापाच्या, भीखाभाईंच्या गाडीवर मानाने काढली. ते गाडीवर बसायच्या आधी पागोट्याच्या टोकाने मला पुसायचे. बाजारातून परतताना मागून तीनचाकी छकडा धडधडत आला की मी दाखवायचो आणि ते बाजूला व्हायचे. मागे बसलेली त्यांची आई, जीवीमा म्हणायची, "आपल्या घरात दिलेलं काम करणारा हा एकटाच."

मग गाडी मेहुलच्या हाती आली. त्याचा दोस्त लालो पानाच्या गल्ल्यावर सुपारी-तंबाखूचा मावा चोळत म्हणाला, "अरे, आरसे लावून फिरतोस? टिकली नीट करायची आहे का?" टपरीवरचे सगळे हसले. झालं! संध्याकाळी पान्याने आमची जोडी उतरवली. माझा जोडीदार उकिरड्यावर गेला. मला अंगणातल्या खिळ्याला टांगलं, भांग पाडायला. ज्याने मागे बघायचं, तो स्वतःचं थोबाड बघत बसला.

त्याच अंगणातून त्याची बहीण किंजल पहाटे धावायला जायची. पोलीस भरतीची धाव महिन्यावर आली होती. तिच्या आधी या घरातली एकही मुलगी गावाच्या वेशीपलीकडे धावली नव्हती. ती परतली की जीवीमा तिला ताकाचा पेला द्यायची आणि शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "काय गं फौजदारीणबाई, आज कुठवर?"

परवाचं मी आजीच्या तोंडून ऐकलं. किंजल आजीला स्कूटरवर बसवून डॉक्टरकडे निघाली होती. दोघींच्या डोक्याला हेल्मेट, आजीच्या तर ओढणीवरून बळेच घातलेलं. पुढे मेहुलची गाडी होती. किंजलने भोंगा वाजवला आणि उजवीकडून पुढे निघाली. मेहुलने मागे पाहिलं नाही. पाहणार कशात? त्याने मान वळवली ती फक्त पिचकारी मारायला. अर्धी लाली किंजलच्या डोळ्यांत गेली, अर्धी मागे उडाली. स्कूटर दगडी पुलाच्या कठड्यावर आपटली. आजी रस्त्याकडेच्या कपाशीच्या शेतात पडली, खरचटण्यावर निभावलं. किंजलचा पाय मात्र मोडला.

मेहुलला पत्ताच नव्हता. तो सरळ गल्ल्यावर गेला.

आजी घरी आली तेव्हा तिची पांढरी ओढणी लालेलाल झाली होती. शेजारणींनी रक्त समजून ऊर बडवला. "रडू नका गं," आजी म्हणाली, "हे रक्त नाही. आमच्या कुलदीपकाचा प्रसाद आहे."

मित्रांनो, माझी काच अजून शाबूत आहे. मला गाडीवर ठेवा, इतकंच मागणं आहे. तुमच्या मागेही कुणीतरी येत असतं, आणि ते तुमच्याच घरचंही असू शकतं.

त्याच संध्याकाळी मेहुल शीळ घालत अंगणात आला. पायाला प्लास्टर घातलेली किंजल खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. आजीने काय झालं ते सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, पण तोंडातला मावा काही उतरला नाही. हनुवटी वर करून, रस सांभाळत तो बोलला, "मा, मला काय ठाऊक मागे कोण आहे? मला मागे डोळे आहेत का?"

"होते," आजी म्हणाली. "तूच खिळ्याला टांगलेस."

"मा, जाऊ द्या," भीखाभाई पुटपुटले. "पोर आहे."

"पोर तीही आहे. महिन्याने धावणार होती." आजीने मला खिळ्यावरून काढलं आणि त्याच्या नाकासमोर धरलं. "बघ. या तोंडाने बहिणीचा पाय मोडला. गाडीची किल्ली इकडे दे. तिचा पाय जमिनीला टेकेपर्यंत तुझा पाय जमिनीवरून उचलायचा नाही, मेहुलिया. शेतात चालत जा, गल्ल्यावर चालत जा. ती टेकवेल त्या दिवशी हा आरसा तूच स्वतःच्या हाताने गाडीला लावशील. आणि तोंडात जे धरून उभा आहेस ना, ते माझ्या अंगणात थुंकायचं नाही. गीळ!"