जाळीचा पूल

गुंडी पास झाली तर जाणार आणि नापास झाली तर आपल्याकडेच राहणार, हे माझ्या चार वर्षांच्या मुलीला कोणीतरी सांगून ठेवलं होतं. बहुधा तिच्या बाबानेच. त्यामुळे शनिवारी सकाळी मी गुंडीला पिवळं जॅकेट चढवत होते, तेव्हा ती शेजारी उकिडवी बसून गुंडीच्या कानात म्हणाली, "आज मुद्दाम चुकायचं हं."

मी तिला रागावले नाही. रागवायला हवं होतं.

अंध माणसांना वाट दाखवणारी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेने गुंडीला दोन महिन्यांची असताना आमच्याकडे दिलं. नाक काळ्या गुंडीसारखं, म्हणून गुंडी. चौदा महिन्यांची होईपर्यंत तिला गर्दीत, लिफ्टमध्ये, दवाखान्यात न बिचकता वावरायला शिकवायचं आणि परत करायचं. कल्पना नवऱ्याची. "तुझं लक्ष दोघींत वाटलं जाईल, पोरगी जरा मोकळा श्वास घेईल," असं तो म्हणाला होता. थट्टेतच, पण मला लागलं. मुलगी दिवस भरायच्या आधी झाली. पाच आठवडे मी काचेतून तिची छाती वरखाली होताना मोजत बसले होते, आणि ती मोजणी अजून थांबलेली नाही. रस्त्यात मी तिचा हात धरत नाही, मनगट धरते. हात सुटतो.

दर शनिवारी सगळी पिल्लं एकत्र फिरायला निघतात. चार पिल्लं, चार माणसं आणि फाइल घेतलेल्या ट्रेनरबाई. आमच्यातले पोस्टमनकाका निवृत्त आहेत. "तीस वर्षं कुत्री माझ्या मागे लागली," ते भेटेल त्याला सांगतात, "आता मी कुत्र्याच्या मागे लागलोय. फिट्टंफाट." त्यांचा वजीर धिप्पाड आणि शांत. कशालाच दचकत नाही.

गुंडीचं घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. मोठ्या रस्त्यावरचा पादचारी पूल. त्याची जमीन लोखंडी जाळीची, पायाखालून गाड्या धावताना दिसतात. तिथे दोन शनिवार ती बसली ती उठलीच नाही. बाईंनी फाइलमध्ये दोनदा 'नकार' लिहिलं. एकाच जागी तीन नकार झाले की पिल्लू कामातून बाद.

आम्ही जिने चढलो. मुलीला मी बाईंपाशी उभं केलं. गुंडी माझ्या डाव्या पायाशी, शेपटी सैल. जाळी सुरू झाली, खालून ट्रक धडधडत गेला आणि गुंडी बसली.

मी "चल" म्हटलं. गोड बोलून पाहिलं, खाऊ दाखवला. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"पट्टा आधी आवळला गेला," बाई म्हणाल्या.

"मी ओढला नाही हो."

"ओढला नाहीत. आवळलात. ट्रक यायच्या आधी." त्या जरा थांबल्या. "अदलाबदल करू या. काका, तुम्ही गुंडीला घ्या."

काकांनी गुंडीचा पट्टा दोन बोटांत, दूध आणायला निघाल्यासारखा धरला. "चला बाईसाहेब, टपाल वाटून येऊ." गुंडीने एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं, जाळी हुंगली आणि चालू लागली. मधोमध थांबून खालची बस बघितली. पलीकडे पोचली.

माझ्या हातात वजीर होता, हा पूल दोनदा पार केलेला. जाळीच्या काठाशी आल्यावर तो माझ्याकडे बघून खाली बसला.

मी खाली पाहिलं. पट्टा माझ्या मुठीत आवळलेला होता.

बाईंनी पेनचं टोपण काढलं. "नियमाने बघितलं तर तुमच्या हातात ती तिसऱ्यांदा थांबली. मी 'नकार' लिहू शकते. मग ती तुमच्याच घरी राहील. नाहीतर उरलेले चार महिने काकांकडे. काय लिहू?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं.

मागच्या महिन्याच्या बैठकीला एक टेलिफोन ऑपरेटर आला होता, कुत्र्यासाठी नाव नोंदवून बसलेला. तो म्हणाला होता, "तीन वर्षं बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून चालतोय. तिलाही कधी एकटीने चालावंसं वाटत असेलच ना." तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. तोही हसला होता.

"काकांकडे द्या," मी म्हणाले.

काका गुंडीला घेऊन परत आले. वजीरचा पट्टा मी त्यांच्याकडे दिला. मी वाकून तिचा कान चाचपला. जॅकेट अंगावर असताना लाड करायचे नसतात, पण बाईंनी दुसरीकडे पाहिलं. "झोपताना पाण्याचं भांडं जवळ लागतं तिला," मी काकांना सांगितलं. "आणि रेडिओ असला तर बारीक आवाजात."

"ठेवतो हो," काका म्हणाले. "शनिवारी भेटेलच की ती." मी मान हलवली. बाईंनी फाइल मिटली.

बाकीचे खाली उतरून गेले. आमचं घर पुलापलीकडे. सवयीने मी मुलीचं मनगट धरलं.

"तू दिलीस तिला!" तिने हिसडा देऊन मनगट सोडवलं आणि रागाने, पाय आपटत, जाळीवरून एकटीच निघाली.

कठडा तिच्या डोक्यापेक्षा उंच होता. हे मी तीन वेळा मनाशी म्हटलं. खालून टँकर आला, जाळी थरथरली. ती थांबली. माझ्या तोंडाशी तिच्या नावाची हाक आली होती.

मी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. आत गुंडीच्या खाऊचा चुरा होता. तो मुठीत धरून मी तिच्यामागून चालू लागले, चार पावलं अंतर ठेवून. तिने गुडघ्यांवर हात टेकून टँकर पूर्ण जाईपर्यंत बघितला.

मग मागे न बघता पुढे गेली.