एक रिकामं स्टूल

किल्ल्या करणाऱ्या त्या माणसाला अख्खी गल्ली ‘असूदे’ म्हणायची. नाव त्याने स्वतःच्या कष्टाने कमावलं होतं. वाकडी कापली गेलेली किल्ली असो, गंजलेलं कुलूप असो की तुटक्या छत्रीची दांडी. टाकायची म्हटलं की याचं ठरलेलं, ‘‘असू दे, लागेल कधीतरी.’’ दुकानात मावेना ते घरी जाई. घरी बायकोने डोळे वटारले की तेच पुन्हा दुकानात येई. काही डब्यांची या ये-जा करण्यात हयात गेली होती.

घरातली तळमजल्याची खोली अशीच भरत भरत गेली आणि शेवटी तिला कुलूप लागलं.

मग ताईचा फोन आला. आई गेल्यावर याला वाढवलं ते तिनेच. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. सहा आठवडे जिना चढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि तिचं घर चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं.

‘‘तुझी खालची खोली मिळेल का रे? नसेल जमत तर जाऊ दे. राहीन कुठल्यातरी शुश्रूषागृहात.’’

‘‘वेडी आहेस का? शनिवारी ये. सगळं तयार ठेवतो.’’

ताईचं हे ‘जाऊ दे’ जुनंच होतं. माझं कॉलेज जाऊ दे, आधी याचं होऊ दे. माझं लग्न जाऊ दे, हा अजून लहान आहे.

सोमवारी बायकोने विचारलं, ‘‘खोली उघडताय ना?’’

‘‘किल्ली सापडत नाहीये.’’

बायको त्याच्याकडे बघतच राहिली. ‘‘कमाल आहे बाई! जगाची कुलपं दोन मिनिटांत उघडता, आणि घरच्या कुलपाला किल्ली लागते होय?’’

त्याने तारेने कुलूप उघडलं. पुढचे तीन दिवस तो एकेक वस्तू उचलायचा, पुसायचा, ‘‘असू दे’’ म्हणायचा आणि डावीकडची उजवीकडे ठेवायचा. गुरुवारी बायकोचा आवाज चढला, तेव्हा त्याने जमेल तेवढं दुकानात नेऊन टाकलं. खोली निम्मी झाली, दुकान दीडपट झालं.

शुक्रवारी दुपारी दुकानासमोर टॅक्सी थांबली आणि वॉकर टेकत ताई उतरली. हॉस्पिटलने एक दिवस आधीच सोडलं होतं. बायको कामावर, घर बंद, म्हणून ती थेट इकडेच आली होती.

‘‘ये, ये, बस!’’ असूदे लगबगीने उठला. दुकानात एकच स्टूल, आणि त्यावर वाकड्या किल्ल्यांची पेटी. त्याने पेटी उचलली आणि ठेवायला जागा शोधू लागला. काउंटरवर जागा नव्हती. जमिनीवर नव्हती. वॉकर आत यावा एवढी वाटही नव्हती. पेटी छातीशी धरून तो जागच्या जागी गोल फिरला.

‘‘जाऊ दे रे,’’ दारातून ताई म्हणाली. ‘‘उभी राहते मी.’’

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. दुखरा पाय उचलून तिने सगळा भार मात्र वॉकरवर टाकला होता. असूदेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या बाईने त्याच्यासाठी काय काय सोडलं, आणि त्याच्याकडे तिला टेकायला स्टूलभर जागा नव्हती.

तो तिला वळसा घालून बाहेर गेला. कोपऱ्यावर भंगारवाल्याची हातगाडी उभी होती. त्याने पेटी तीत उपडी केली, परत आला आणि वाटेतले डबे, गाठोडी, दांड्या ओढून बाहेर काढायला लागला.

भंगारवाला धावत आला. ‘‘काका, नक्की ना? मागच्या खेपेला अर्ध्या रस्त्यातून सगळं परत नेलं होतंत.’’

‘‘हे सगळं ने. मग घरी चल, तिथे एक खोली आहे.’’

वाट मोकळी झाली. वॉकर ठक ठक करत आत गेला. भंगारवाल्याने ढिगातून एक जाडजूड पितळी कुलूप उचललं, हातात तोललं. ‘‘हे तरी ठेवा काका. चांगलं आहे. लागेल की कधीतरी.’’

असूदेने कुलपाकडे पाहिलं, मग मागे पाहिलं. ताई स्टुलावर टेकली होती, पाय लांब करून, डोळे मिटून.

‘‘जाऊ दे,’’ तो म्हणाला.