भोंग्याला द्यायचं उत्तर

मुलांनो, जरा डोळे मिटा. कल्पना करा, तुम्ही वर्गात बसला आहात आणि शेजारच्या बाकावरून कोणीतरी तुमची टिंगल केली आहे. उत्तर तर तुमच्या जिभेच्या टोकावर यायला अगदी आतुर आहे. पण ती टिंगल तुमच्यापर्यंत सरळ येतच नाही. आधी ती खिडकीतून बाहेर पडते, दोन डोंगर आणि एक मोठी नदी ओलांडून दूरच्या शहरात जाते. तिथे कोणीतरी ती लिहून काढतं आणि मग ते लिहिलेलं त्याच वाटेनं तुमच्याकडे परत येतं. तुम्ही वाचता, हसता, तोंड उघडता. तोवर वर्गात भूगोल सुरू झालेला असतो.

आता डोळे उघडा. एका मुलीचं रोज असंच व्हायचं.

तिला घरात आणि शाळेत सगळे ठिणगी म्हणत. लहानपणीच्या एका तापानंतर तिला जवळजवळ काहीच ऐकू येईनासं झालं होतं. बोलायची मात्र ती चुरुचुरु. वर्गात तिच्या बाकावर एक चपटा पडदा असे, त्याला सगळे पाटी म्हणत. बोलणाऱ्यानं कॉलरला छोटा माईक लावायचा, की त्याचे शब्द पाटीवर उमटत. ते शब्द लिहून काढणारे संगणक दूरच्या शहरात होते. त्यामुळे बोलणाऱ्याचं बोलून व्हायचं, त्याचा श्वास घेऊन व्हायचा, आणि मग कुठे पाटी जागी व्हायची.

वर्गात भोंगा नावाचा एक मुलगा होता. नाव अर्थात आवाजावरून पडलेलं. तो सगळ्यांची खोड काढायचा, ठिणगीचीही काढायचा, आणि ते तिला आवडायचंही, कारण बाकीचे तिच्याशी उगाच मऊ मऊ बोलत. एकदा माईक हातात घेऊन तो म्हणाला, "ठिणगे, तुझं दप्तर तुझ्यापेक्षा लठ्ठ झालंय." तिनं वाचलं आणि ठणकावून सांगितलं, "असू दे. त्यात निदान काहीतरी आहे. तुमचं डोकं नुसतंच मोठं."

भोंग्याला एकट्याला ती "तुमचं" का म्हणेल? तिनं ते "तुम्हा मुलांचं" अशा अर्थानं म्हटलं होतं. पण तेवढ्यात मुख्याध्यापिका वर्गात आल्या होत्या आणि नेमक्या ठिणगीसमोर उभ्या राहून तिची विचारपूस करत होत्या; पाटीत बघणाऱ्या ठिणगीला ते दिसलंच नव्हतं, आणि उशिरा आलेलं उत्तर त्यांनाच लागलं.

वर्ग हसून लोळला. मुख्याध्यापिकाही हसल्या. ठिणगी मात्र हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती वर्गशिक्षिका बाईंकडे गेली आणि म्हणाली, "बाई, टोलवाटोलवीतून माझं नाव काढा."

टोलवाटोलवी हा बाईंनी काढलेला खेळ. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं. एकानं चिमटा काढायचा, दुसऱ्यानं लगेच परतवायचा. बाई तीन आकडे मोजत, तेवढ्यात उत्तर आलं नाही की बाद. शुक्रवारी वर्षातली शेवटची फेरी होती.

"तुझ्या वेळी आम्ही मोजणारच नाही," बाई म्हणाल्या. "पाटीवर उमटेपर्यंत सगळे थांबतील. मी भोंग्याशी बोललेय, तो तयार आहे."

"तेच तर नकोय ना मला," ठिणगी म्हणाली. "सगळे माझ्या तोंडाकडे बघत थांबतात. मग मी काहीही बोलले तरी टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या मला खोट्या वाटतात."

बाईंनी नावांची यादी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "गुरुवारच्या शेवटच्या तासाला मी जोड्या लावते. तोवर नाव राहू दे. तेव्हा सांग."

त्याच आठवड्यात ठिणगीची आत्या गावात कामाला आली. आत्याचं काम असं की ऐकणाऱ्याला वाटावं ही सामान हलवणारी बाई आहे. जेवताना तिनं ते समजावून सांगितलं आणि ठिणगीच्या बाबांनी तिचं बोलणं कागदावर लिहून पुढे सरकवलं; ते ताटं रिकामी होईपर्यंत पुरलं.

संगणकाचं कुठलंही काम, आत्या म्हणाली, एका डब्यात भरून ठेवता येतं. त्या कामाला लागणारं सगळं त्याच डब्यात. म्हणजे डबा कुठेही नेऊन उघडला तरी काम सुरू. याला कंटेनर म्हणतात. दूरच्या शहरात संगणकांचा मोठा जथा आहे आणि त्यांच्यावर एक मुकादम आहे. मुकादम म्हणजे माणूस नव्हे, तोही एक प्रोग्रॅमच. कुठला डबा कुठल्या संगणकावर उघडायचा ते तो ठरवतो, आणि त्या मुकादमाची देखभाल एक मोठी कंपनी करते. "मी काय करते, त्या जथ्यातला एक संगणक इथे, तुमच्या टेलिफोन केंद्रात आणून बसवते. मुकादम तिकडेच राहणार, पण हा त्याचा गावातला गडी. याला एज नोड म्हणायचं. शब्द लिहून काढायचा डबा त्यानं इथे उघडला की तुझ्या वर्गातला आवाज दोन गल्ल्या जाईल आणि परत येईल. डोंगर नाही, नदी नाही."

"कधी?" ठिणगीनं विचारलं.

"बुधवारी."

"बुधवारी म्हणजे बुधवारी की कंपनीतला बुधवार?"

"ही जीभ कुणाची घेतलीस गं?" आत्या म्हणाली. बाबांनी ते लिहून दिलं नाही. पण आत्याचा चेहरा वाचायला ठिणगीला पाटी लागत नव्हती.

शाळा सुटल्यावर ती रोज टेलिफोन केंद्रात जाऊ लागली. मागच्या बाजूला एक अरुंद खोली होती, थंडगार, खिडकी नसलेली. भिंतीला लागून लोखंडी मांडणी, तिच्यात आत्याचा नवा संगणक, दप्तराएवढा पण आडवा, पंख्यांनी सतत थरथरणारा. ठिणगीनं त्याच्यावर तळहात ठेवला तेव्हा ती थरथर कोपरापर्यंत आली. आत्या वायरींना पट्ट्या बांधत होती. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना तिनं सारखाच रंग लावला होता, म्हणजे उद्या दुसरं कोणी आलं तरी त्याला शोधत बसावं लागू नये.

बुधवारी दुपारी हिरवा दिवा लागला. मुकादमानं नव्या गड्याला जथ्यात घेतलं होतं. मग आत्यानं त्याच्यावर एक खूण केली. तिचा अर्थ असा की हा गडी अमुक गावचा, इथल्या शाळेचे आवाज याच्याकडेच पाठवा. थोड्या वेळानं डबा आला आणि उघडला. आत्यानं हात झटकले आणि कागदावर लिहिलं, "जा आता शाळेत. बाईंना बोलायला सांग."

वर्ग सुटला होता, पण बाई थांबल्या होत्या आणि भोंगाही थांबला होता. बाईंनी माईक लावून पुस्तकातला उतारा वाचायला घेतला. त्यांचे ओठ हलत होते आणि पाटीवर शब्द पळत होते, जवळजवळ ओठांबरोबर. ठिणगी नुसती बघत राहिली. मग भोंग्यानं माईक घेतला. पाटी एकदम गप्प. नंतर अडखळत, दमल्यासारखी लिहू लागली: *ठिणगे, कशी चालतेय?*

"दुसरं बोल," ती म्हणाली.

पुन्हा तेच. बोलणं संपलं, श्वास घेऊन झाला, तेव्हा कुठे शब्द आले. बाईंचं पळायचं आणि भोंग्याचं रखडायचं.

"पाटीलाही मी आवडत नाही," भोंगा म्हणाला. हे मात्र झटकन उमटलं. पण ठिणगी तोवर दप्तर उचलून दाराबाहेर पडली होती.

टेलिफोन केंद्रात आत्या पडद्यावरचे आलेख दाखवू लागली. "अगं, सगळं ठीक आहे. हे बघ, सरासरी झकास आहे," तिनं कागदावर लिहिलं.

"मला सरासरीला उत्तर द्यायचं नाहीये," ठिणगी म्हणाली. "भोंग्याला द्यायचंय."

आत्यानं पेन खाली ठेवलं. हे बरोबर होतं. शंभर वेळा लवकर आणि चार वेळा उशिरा पोचणाऱ्याची सरासरी चांगलीच दिसते. पण ज्याचं काम त्या चार वेळांतच अडलेलं असतं, त्याला तिचा काय उपयोग? तिनं ठिणगीला पळत पाठवून शाळेतून पाटी आणि माईक आणवले, पाटी मांडणीजवळ ठेवली, माईक स्वतःच्या कॉलरला लावला आणि खोलीतल्या एकेका वस्तूकडे बोट दाखवून बोलू लागली. वायर. पंखा. खुर्ची. शिडी. सगळं झटकन आलं. आलेखावर तिला काहीच वावगं दिसेना, तेव्हा ती वैतागली. "ठिणगे, पाय खाली घे त्या शिडीवरून."

हे उशिरा आलं. ठिणगीनं पाय खाली घेतला नाही. ती पाटीकडे टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "आत्या, परत रागाव."

"ठिणगे, पाय खाली घे."

उशिरा.

"आता नाव न घेता रागाव."

"पाय खाली घे म्हणते ना."

झटकन.

मग आत्यानं एकेक नाव घेऊन पाहिलं. ठिणगी, उशिरा. भोंगा, उशिरा. बाईंनी उतारा वाचला होता, त्यात वर्गातल्या कुणाचंच नाव नव्हतं. आणि भोंगा तर खोड काढायच्या आधी हाक मारल्याशिवाय तोंडच उघडत नसे.

आत्या जमिनीवरच बसली आणि हसू लागली. कारण सापडलं होतं आणि ते तिच्या स्वतःच्या कामातलं होतं. माणसांची नावं चुकीची उमटू नयेत म्हणून शाळेतल्या सगळ्यांची नावं आणि टोपणनावं वेगळी साठवलेली होती, आणि तो साठा दूरच्या शहरात होता. डबा गावात आला, पण कुणाची हाक कानावर पडली की तो बिचारा दर वेळी डोंगर आणि नदी ओलांडून विचारायला जायचा, हे नाव कसं लिहायचं? उत्तर येईपर्यंत पुढचं सगळं वाक्य तोंडात धरून बसायचा.

"सगळा संसार हलवला आणि शेजाऱ्यांची ओळख जुन्या घरी विसरले," तिनं ठिणगीला लिहून दिलं.

"मग नावांचा साठा इथे आण."

"आणता येतो. एक प्रत इथे ठेवायची, रोज सकाळी ताजी करायची. पण ती नावं मुलांची आहेत. शाळेला आणि तिकडच्या लोकांना विचारल्याशिवाय मी ती हलवणार नाही."

"कधी होईल?"

आत्यानं या वेळी वार सांगितला नाही.

मुख्याध्यापिकांनी लगेच हो म्हटलं. तिकडून मात्र गुरुवारी दुपारपर्यंत काही कळलं नाही. शेवटच्या तासाला बाई जोड्या लावू लागल्या. त्यांनी ठिणगीकडे पाहिलं आणि नुसत्या भुवया उंचावल्या.

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय म्हणाला असता? पाटी दुरुस्त झालेली नाही, होईल की नाही ठाऊक नाही. नाव काढलं तर कोणी हसणार नाही. ठेवलं आणि पाटी रखडली तर पुन्हा सगळा वर्ग तोंडाकडे बघत बसणार.

ठिणगी उभी राहिली. "ठेवा. भोंग्यासमोरच ठेवा. पण तीनपर्यंत मोजायचंच. आणि कोणी थांबलं तर मी खेळणार नाही."

"ठिणगे, पण पाटी?" भोंग्यानं विचारलं.

"तू तुझी जीभ सांभाळ," ठिणगी म्हणाली. प्रश्न उशिरा उमटला होता, त्यामुळे उत्तरही उशिराच गेलं, पण तिनं दिलं.

शुक्रवारी सकाळी आत्या केंद्राच्या दारातच भेटली. डोळे तांबारलेले, हातात गार झालेला चहा. तिनं लिहिलं, "परवानगी आली. प्रत ठेवलीय. मी हाक मारून पाहिली, चाललं. वर्गाच्या गोंधळात काय होतं ते वर्गातच कळेल."

वर्गात बाकं भिंतीला सरकवली होती. मध्ये ठिणगी आणि भोंगा. तिच्या हातात पाटी, त्याच्या कॉलरला माईक. भोंग्याचे कान लाल झाले होते, कारण मैत्रिणीला हरवावं की जिंकू द्यावं हे त्याचं काही ठरत नव्हतं. शेवटी तो नेहमीसारखाच सुरू झाला.

"ठिणगे, तू इतकी बारीक आहेस की वारा सुटला तर दप्तरात दगड भरून यावं लागेल तुला."

बाईंनी एक म्हणायला तोंड उघडलं.

"दगड नको. तुझी गणिताची वही ठेवीन. भोपळ्यांनी भरलीय, चांगली जड आहे."

बाईंचं तोंड उघडंच राहिलं. मुलांनी सवयीनं टाळ्यांसाठी हात वर केले होते, ते तसेच राहिले, कारण सगळे आधी हसले. भोंगाही हसला आणि मग सावरला. आता तिला जिंकू द्यायचा विचार त्याच्या डोक्यातून साफ गेला होता.

"ठिणगे, माझा आवाज मैदानापलीकडे जातो. तुझा?"

"नाही जात. म्हणून लोक माझ्याजवळ येऊन बसतात."

"आणि ही पाटी कोणी काढून घेतली तर?"

बाईंनी पेन टेबलावर ठेवलं.

"तर तुझं तोंड बघून ओळखीन," ठिणगी म्हणाली. "तसंही तू रोज तेच बोलतोस. आता माझी पाळी. सकाळी तुझ्यात आधी काय जागं होतं, तोंड की डोकं?"

भोंग्यानं तोंड उघडलं. मग त्याच्या लक्षात आलं की तोंड म्हणावं तर पंचाईत आणि डोकं म्हणावं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. बाई मोजत होत्या. एक. दोन. तीन.

"आई," भोंगा म्हणाला. "आधी आई जागी होते."

उत्तर फर्मास होतं. ठिणगीनंच सगळ्यात आधी दाद दिली. पण तीन होऊन गेले होते, आणि नियम तिनंच मागून घेतला होता. भोंगा पाय आपटत, हसत हसत भिंतीकडे गेला आणि म्हणाला, "अर्धा क्षण, बाई. अर्ध्या क्षणानं गेलं."

बाईंनी टाळी वाजवून पुढच्या जोडीला बोलावलं. ठिणगी जागची हलली नाही. तिनं बोटानं पाटी पुसली, भोंग्याच्या कॉलरचा माईक काढून घेतला आणि तो बाईंसमोर धरला.

"बाई," ती म्हणाली, "आता तुम्ही या."