सात नंबरच्या विहिरीचं खापर

तिचा दादा गॅसच्या विहिरीवर, खोलवर पाणी दाबून दगडाला तडे पाडणारा आणि गॅस मोकळा करणारा पंप चालवायचा आणि ती त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत दगड फोडायची. तीन किलोमीटर खालून वर काढलेला शेल, म्हणजे पापुद्र्यापापुद्र्यांचा काळा दगड, यंत्रात दाबायचा आणि किती दाबाला, कुठल्या बाजूनं तडा जातो ते लिहायचं.

सात नंबरच्या विहिरीच्या वेळी तिनं स्पष्ट लिहिलं होतं: खाली एका बाजूनं ताण जास्त आहे, तडे जुन्या भेगेकडे धावतील, पंपाचा दाब चाळीस मेगापास्कलच्या वर नेऊ नका. जास्त गॅस लवकर निघावा म्हणून प्रयोगशाळेच्या साहेबांनी पुढे पाठवलेल्या कागदात चाळीसचे साठ केले. भेग सरकली, पाइप कातरला गेला, पंपाचं तोंड उडालं. दादा जागीच गेला, शेजारचे दोघंही गेले.

"ऑपरेटरचा हलगर्जीपणा," साहेबांनी चौकशीत सांगितलं. खापर मेलेल्या माणसावर फुटलं. त्या दोघांच्या बायका रस्त्यात वहिनीला बघून थुंकायच्या.

तिनं नोकरी सोडली नाही. "लाज कोळून प्यायलीय," लोक म्हणाले. तिनं डूख धरला होता. दोन वर्षं ती नुसतं "हो साहेब" म्हणत राहिली.

मग अकरा नंबरची विहीर आली. तिथला दगड बेचाळीसला फुटला.

"बाई, आकडा साठवर न्या," साहेब म्हणाले.

"तुम्हीच लिहा की. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय."

साहेब हसले. आकडा लिहिला, खाली सहीही ठोकली.

दुसऱ्या दिवशी विहिरीला परवानगी देण्याआधीच्या तपासणीला मालक आणि सरकारी निरीक्षक आले. तिनं तो कागद त्यांच्यापुढे ठेवला, त्याच विहिरीचा दगड यंत्रात घातला आणि दाब चढवला. चाळीस. एकेचाळीस. काड्कन आवाज झाला.

"तुकडा खराब असेल," साहेब म्हणाले.

"मग दुसरा तुम्हीच निवडा."

दुसरा तिथंच फुटला, मग तिसराही. तिनं सात नंबरचा, स्वतःच्या हातचा जुना कागद काढला.

"दादाच्या वेळीही दगडच खराब होता का, साहेब?"

साहेबांची नोकरी गेली, चौकशी पुन्हा उघडली. त्यांचं सामान टेम्पोत चढत होतं त्या दिवशी ती मुद्दाम रजा टाकून समोर उभी राहिली. साहेबांची बायको बघत होती. हिनं नजर काढली नाही. खोटं कशाला बोला, काळजात गार वाटलं.

घरी वहिनी भांडी घासत होती.

"रडला का गं तो?"

"नाही."

"मग अजून बाकी आहे." वहिनीनं हात पुसले. "उद्या मीही येते निरीक्षकाकडे. तुरुंगाचं विचारू."