नमुना म्हणून जोडलेली पितळी पिन

विषय : गावच्या पूरबोटीच्या जुन्या इंजिनासाठी पितळी पिना मिळणेबाबत.
संदर्भ : सोबत जोडलेला नमुना.

तो नमुना म्हणजे मी. सध्या दोन तुकड्यांत आहे, पण बोलता येतंय.

मी करंगळीच्या दोन पेरांएवढी. इंजिनाचा पंखा दांड्याला धरून ठेवते. पाण्याखाली पंखा कशाला अडला की मी तुटायचं, म्हणजे आतले गिअर वाचतात. नेमणूकच तुटण्यासाठी झाल्यावर बढतीची आशा धरता येत नाही.

या इंजिनाचे सुटे भाग कंपनीने कधीच बंद केले. म्हणून बोट चालवणारे नाथाजी, फौजेतून निवृत्त झालेले, माधवनगरला चांदसाहेबांच्या लेथवर आले. भंगारातल्या शेवटच्या पितळी सळईतून चांदसाहेबांनी मला कातलं आणि वर एक पोलादी बहीणही दिली.

"ही जन्मात तुटायची न्हाई, नाथाजी."

"मग इंजिन तुटंल की रं."

"आणि पितळी पुरात मधीच तुटली, तर पोहत येणार हायस व्हय, गड्या?"

नाथाजींनी दोघींनाही डबीत टाकलं. माझ्या आधीच्या पिना तुटल्या की गाव बोटीला हसायचं. मजबूत वस्तूवर माणसांचा फार विश्वास. पूर आला तेव्हा इंजिनात पोलादी होती आणि मी डबीत.

मळ्यात राहणाऱ्या बनुबाई घराच्या पत्र्यावर अडकल्या होत्या आणि पाणी चढत होतं. नाथाजी आणि त्यांची सून क्रांती निघाले. वाटेत बुडालेली द्राक्षबाग. वेलींना आधार देणाऱ्या लोखंडी अँगलांची काही टोकं तेवढी वर, बाकी सगळं गढूळ पाण्याखाली. पंखा एका अँगलवर आदळला. पोलादी बहीण तुटली नाही. आत गिअर मात्र करकरले.

"मामंजी, बदला ती. आणखी एक दणका बसला तर इंजिन गेलं."

"ते टोक धर. सोडू नगंस."

क्रांतीने अँगल धरून बोट थोपवली. नाथाजींनी इंजिन वर उचललं, पोलादी ठोकून काढली आणि मला चिमटीत घेतलं. खाली गढूळ पाणी होतं.

"पडली तर मी बुडी मारायची न्हाई, आदीच सांगते," क्रांती म्हणाली.

मी भोकात बसले.

मळ्यात पोहोचलो तेव्हा पाणी पत्र्याला टेकलं होतं. "आदी शेळी घ्या," बनुबाई म्हणाल्या. "ती लय भितीया."

परतताना बागेच्या शेवटच्या ओळीत दणका बसला आणि मी तुटले. इंजिन नुसतं भुणभुणत राहिलं, बोट धारेकडे सरकू लागली. क्रांतीने बांबू रोवला. नाथाजींनी माझे तुकडे खिशात टाकले आणि पुढचं पाणी मोकळं बघून पोलादीला बसवलं. गिअर शाबूत होते. काठ आला. आधी शेळी उतरली.

बोट सरकारी, म्हणून पूर ओसरल्यावर नाथाजींची पिनांची मागणीही सरकारी कार्यालयात रीतसर गेली. तिच्यावर शेरा आला : 'वारंवार तुटणारी वस्तू खरेदी करणे उचित वाटत नाही. टिकाऊ पर्याय तपासावा. नमुना अखंड नाही.'

नाथाजींनी खुलासा सादर केला आहे. धरणातून विसर्ग वाढवल्याचा निरोप आज सकाळी गावात आला. इंजिनात पोलादी बहीण आहे. डबी रिकामी आहे.

अर्ज विचाराधीन आहे.